जेलच्या मण्यातील जिवंत पेशी

रक्तातल्या पेशी सोडल्या, तर माणसाच्या शरीरातली पेशी सहसा मोकळी नसते. कोलॅजनसारखी प्रथिने आणि शर्करांच्या लांब साखळ्या यांच्या पाणीदार जाळ्यात ती बसलेली असते. ऑक्सिजन आणि अन्न तिला याच जाळ्यातून पोचते, टाकाऊ द्रव्ये याच वाटेने बाहेर जातात, आणि जाळे किती मऊ वा ताठ आहे यावर तिचे पुढचे वागणे बरेचसे ठरते. प्रयोगशाळेत मात्र पेशी वाढवल्या गेल्या त्या प्लास्टिकच्या सपाट, कडक तबकडीवर. अशा तबकडीवर पसरलेली यकृताची पेशी काही दिवसांतच यकृतपेशीची कामे सोडू लागते. पेशीला तिचे जाळे परत देण्याचा एक मार्ग म्हणजे पाण्याने भरलेल्या जेलच्या मण्यात तिला बंद करणे. असे मणी एकसारखे, हव्या त्या मापाचे आणि लाखोंच्या संख्येने करण्यासाठी गेल्या पाव शतकात केसाएवढ्या बारीक वाहिन्यांतून द्रव खेळवण्याची तंत्रे तयार झाली. त्यांना मायक्रोफ्लुइडिक, म्हणजे सूक्ष्मप्रवाही तंत्रे म्हणतात. थेंब पाडणे हे काम या तंत्रांनी सोपे केले. थेंबाचे जेल होताना आतली पेशी जगवणे अजूनही सोपे नाही, आणि या क्षेत्रातली बहुतेक कल्पकता तिथेच खर्ची पडली आहे.

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारे पॉलिमरचे जाळे. वजनात बहुतांश पाणीच असते, तरीही ते वाहत नाही, कारण साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधलेल्या असतात. जीवशास्त्रीय वापरासाठी असे जेल मुद्दाम घडवण्याची कल्पना १९६० साली प्रागच्या ओटो विख्टरले आणि द्राहोस्लाव लिम यांनी ‘नेचर’मध्ये मांडली, त्यातूनच मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विकसित झालेले, जमिनीत ओल टिकवणारे ‘जलशक्ती’ हेही याच कुळातले. पेशींसाठी मात्र सर्वाधिक वापर झाला तो अल्जिनेटचा. तपकिरी समुद्रशैवालाच्या भित्तिकेतली ही शर्करा एडवर्ड स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेगळी केली. कोकण आणि गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यांवर वाढणाऱ्या सारगॅसममध्येही ती असते.

अल्जिनेटची साखळी मॅन्युरॉनेट आणि ग्युल्युरॉनेट या दोन घटकांची बनलेली असते. ग्युल्युरॉनेटचे सलग पट्टे शेजारी शेजारी आले की त्यांच्यामधल्या पोकळ्यांत कॅल्शियमचे आयन बसतात आणि दोन साखळ्या बांधल्या जातात. उष्णता लागत नाही, सेंद्रिय द्रावक लागत नाही. सोडियम अल्जिनेटच्या पातळ द्रावणाला कॅल्शियम भेटले की जेल तयार. उलट सायट्रेट किंवा ईडीटीए घालून कॅल्शियम काढून घेतले, तर जेल विरघळते आणि पेशी परत मिळतात. पेशीला जपणारी रसायनक्रिया म्हणून अल्जिनेटला आजही तोड नाही. त्याची उणीव एवढीच, की पेशीला पकडून बसायला त्यात जागा नसतात; म्हणून पुष्कळदा पेशी ज्याला चिकटतात असे छोटे पेप्टाइड त्याच्या साखळीला जोडावे लागते.

पेशी कवचबंद करण्याचा विचार सूक्ष्मप्रवाही तंत्रांपेक्षा बराच जुना आहे. माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातील थॉमस चँग यांनी १९६४ साली ‘सायन्स’मध्ये अर्धपार्य पटलाच्या सूक्ष्मकुप्यांचे वर्णन केले. १९८० मध्ये फ्रँकलिन लिम आणि अँथनी सन यांनी स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणारी द्वीपके अल्जिनेट आणि पॉलिलायसिन यांच्या कुप्यांत बंद करून मधुमेही उंदरांच्या शरीरात सोडली; दोन ते तीन आठवडे त्या उंदरांची साखर ताब्यात राहिली. यामागचा हिशेब रेणूंच्या आकाराचा होता. इन्सुलिनचा रेणू सुमारे ५,८०० डाल्टनचा, तर प्रतिपिंडाचा सुमारे दीड लाख डाल्टनचा. मधल्या मापाची छिद्रे असलेले जाळे पहिल्याला सोडते आणि दुसऱ्याला अडवते. पेशीला शरीराच्या प्रतिकारशक्तीपासून लपवायचे, पण तिचा स्राव शरीराला मिळू द्यायचा, अशी ही योजना होती. दाहक्रियेतले कित्येक संदेशवाहक रेणू प्रतिपिंडापेक्षा खूप लहान असल्याने जाळ्यातून आत शिरतात, ही अडचण पुढे लक्षात आली आणि ती आजही पूर्ण सुटलेली नाही.

त्या काळी मणी करायची रीत साधी होती. पेशी मिसळलेले अल्जिनेट सुईतून थेंबाथेंबाने कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात पाडायचे. थेंब लहान हवा असेल तर सुईभोवती हवेचा झोत सोडायचा किंवा विद्युतदाब लावायचा. असे मणी सहसा काही शे माइक्रोमीटरचे होत आणि एकाच खेपेत लहानमोठे निघत. मापाचे महत्त्व एका हिशेबात दिसते. प्रमाण म्हणून धरले जाणारे द्वीपक १५० माइक्रोमीटर व्यासाचे असते. ते ६०० माइक्रोमीटरच्या मण्यात बसवले तर मण्याचे आकारमान सुमारे ११३ नॅनोलिटर, ३०० माइक्रोमीटरच्या मण्यात बसवले तर सुमारे १४ नॅनोलिटर. प्रौढ रुग्णाला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १०,००० द्वीपके द्यायची म्हटली, तर ६० किलोच्या माणसाला सहा लाख लागतात. मोठ्या मण्यांत तो डोस ६८ मिलिलिटरचा होतो, लहान मण्यांत साडेआठ मिलिलिटरचा. शिवाय ऑक्सिजन विसरणाने जातो, आणि दाट पेशींच्या ऊतीत त्याची मजल शे-दोनशे माइक्रोमीटरपलीकडे नसते. मोठ्या मण्याच्या मध्यभागी बसलेली पेशी म्हणूनच गुदमरते.

लहान आणि एकसारख्या थेंबांची गरज अशी आधीच उभी होती. ती भागवणारे साधन दुसऱ्याच क्षेत्रातून आले. हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने १९९८ च्या सुमारास पीडीएमएस नावाच्या पारदर्शक सिलिकोन रबरात सूक्ष्म वाहिन्यांचे साचे ओतण्याची स्वस्त पद्धत रूढ केली. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाने उठवलेल्या नक्षीवर द्रव रबर ओतायचे, भट्टीत तापवून घट्ट करायचे, सोलून काढायचे आणि काचेला चिकटवायचे. एका दिवसात चिप हातात येऊ लागली. मग २००१ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत टॉड थॉर्सन, स्टीफन क्वेक आणि सहकाऱ्यांनी टी-आकाराच्या सांध्यावर तेलाच्या प्रवाहाने पाण्याचे एकसारखे थेंब तोडून दाखवले. २००३ मध्ये शेली अ‍ॅना, नथाली बोंतू आणि हॉवर्ड स्टोन यांनी पाण्याची धार दोन्ही बाजूंच्या तेलाने दाबून अरुंद फटीतून काढली. प्रवाह-केंद्रण म्हणून ओळखली जाणारी ही रचना आज पेशींच्या कामात सर्वांत प्रचलित आहे.

इतक्या बारीक वाहिनीत द्रवाचे वागणे बदलते. जडत्वाचा प्रभाव किरकोळ उरतो, श्यानता आणि पृष्ठताण यांची सत्ता चालते. रेनॉल्ड्स अंक बहुधा एकच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, म्हणून दोन प्रवाह शेजारून वाहिले तरी घुसळले जात नाहीत. त्यांचे मिसळणे केवळ विसरणाने होते. थेंब तुटतो तो पृष्ठतणावामुळे. नळ बारीक सोडल्यावर धार खाली जाता जाता थेंबांत विखुरते, तेच इथे घडते. फक्त वाहिनीच्या भिंती आणि तेलाचा दाब यांमुळे तुटण्याची जागा आणि वेळ ठरून जाते. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या वेगवान कॅमेऱ्यात पाहिले तर पाण्याचे टोक फटीत शिरताना, फुगताना, त्यामागे मान बारीक होताना आणि ती तुटताच उरलेले टोक मागे सरकताना दिसते. मग पुन्हा तेच, सेकंदाला हजार वेळा. दोन्ही प्रवाहांचे वेग स्थिर असतील तर एका थेंबाच्या आणि दुसऱ्याच्या व्यासात काही टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडत नाही. ५० माइक्रोमीटरच्या थेंबात ६५ पिकोलिटर द्रव मावतो. सेकंदाला हजार थेंब म्हटले तरी तासाला पाव मिलिलिटरसुद्धा द्रव वापरला जात नाही.

तेलाची निवड दिसते तितकी किरकोळ नसते. खनिज तेलापेक्षा फ्लोरिनयुक्त तेले पसंत केली जातात, कारण त्यांत ऑक्सिजन भरपूर विरघळतो आणि पीडीएमएस त्यांनी फुगत नाही. थेंब एकमेकांत विलीन होऊ नयेत म्हणून तेलात पृष्ठसक्रिय पदार्थ घालावा लागतो, आणि तो पेशीच्या पटलाला इजा न करणारा हवा. या कामासाठी फ्लोरिनयुक्त साखळ्यांना पॉलिइथिलीन ग्लायकॉल जोडून केलेले पदार्थ २००८ नंतर सर्वत्र वापरात आले.

इथवर हाती आहे तो द्रव थेंब. त्याचे जेल करणे हा पुढचा, आणि सर्वांत अवघड टप्पा. अल्जिनेटचा गुण इथे दोष ठरतो. कॅल्शियमचा आयन २५ माइक्रोमीटर अंतर साधारण सेकंदभरात पार करतो आणि भेटताक्षणी साखळ्या बांधतो. अल्जिनेट आणि कॅल्शियम क्लोराइड वाहिनीतच एकत्र आणले, तर थेंब तुटण्याआधीच जेल धरते आणि वाहिनी तुंबते. म्हणून कॅल्शियम अल्जिनेटसोबत असूनही थेंब तुटेपर्यंत मोकळे होणार नाही, अशी सोय करावी लागते. एक उपाय म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे अविद्राव्य कण अल्जिनेटमध्ये मिसळायचे आणि थेंब पडल्यावर तेलातून सौम्य आम्ल आत सोडायचे. कण विरघळतात आणि कॅल्शियम सुटते. पण कण विखुरलेले असल्याने जेल ठिकठिकाणी कमीजास्त घट्ट होते. दुसरा उपाय २०१५ मध्ये हार्वर्डमधून आला. त्यात कॅल्शियम ईडीटीएच्या पकडीत विरघळलेल्या रूपात ठेवले जाते आणि तेलातले अ‍ॅसेटिक आम्ल आत झिरपले की ती पकड सुटते. कॅल्शियम सगळीकडे सारखे पसरलेले असल्याने मणी आतून बाहेरून एकजिनसी होतो. किंमत एवढीच, की पेशीला काही काळ आम्ल सोसावे लागते. हा काळ मिनिटांतच संपवून मणी ताबडतोब पेशींच्या पोषक द्रावणात नेले नाहीत, तर जगणाऱ्या पेशींचे प्रमाण घसरते.

आम्लाची ही अट काढून टाकणारी युक्ती नॉर्वेत ट्रॉनहेमच्या विद्यापीठात सापडली आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. अल्जिनेटच्या एका प्रवाहात कॅल्शियम एका पकडणाऱ्या रेणूसोबत, आणि दुसऱ्या प्रवाहात जस्त दुसऱ्या पकडणाऱ्या रेणूसोबत ठेवले जाते. दोन्ही प्रवाह एका थेंबात आले की कॅल्शियमला धरणारा रेणू त्याला सोडून जस्ताला धरतो, कारण जस्ताशी त्याचे बंध अधिक घट्ट जुळतात. मोकळे झालेले कॅल्शियम अल्जिनेट बांधते. सगळे उदासीन पीएचला घडते, आणि रेणूंची जोडी बदलून जेल धरण्याचा वेगही बदलता येतो. साधी रासायनिक स्पर्धा किती नेमकेपणाने कामाला लावता येते, याचे हे फार सुंदर उदाहरण आहे.

कृत्रिम पॉलिमर वापरायचे तर प्रकाशाने जेल धरवता येते. मेथॅक्रिलेट जोडलेले जिलेटिन किंवा अ‍ॅक्रिलेट जोडलेले पॉलिइथिलीन ग्लायकॉल यांत प्रकाशाने सक्रिय होणारे द्रव्य घालून निळसर किंवा अतिनील प्रकाश पाडला की मुक्त मूलके तयार होतात आणि साखळ्या सांधतात. इथे ऑक्सिजन आडवा येतो. तो मूलके खाऊन टाकतो, आणि पीडीएमएसच्या भिंतीतून तसेच फ्लोरिनयुक्त तेलातून तो सतत आत येत राहतो. थेंब जितका लहान, तितका ऑक्सिजनचा अडथळा मोठा. प्रकाश वाढवला तर मूलकेही वाढतात, आणि ती पेशीलाही मारतात. चिपभोवती नायट्रोजन खेळवून ऑक्सिजन कमी करणे हा यावरचा चांगला तोडगा. मूलकेच टाळायची असतील, तर मॅलेइमाइड जोडलेले पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि थायोल यांची आपोआप घडणारी अभिक्रिया वापरता येते. अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये २०१४ मध्ये ती सूक्ष्म मण्यांसाठी जमवली गेली. अ‍ॅगरोज थंड करून आणि कोलॅजन उबवून धरवता येते. दोन्हीत रसायन कमी, पण चिपचे तापमान सांभाळण्याची कटकट असते.

जेल नेमके केव्हा धरते यावर आणखी एक गोष्ट ठरते, आणि ती बरेच दिवस कुणाच्या ध्यानात आली नव्हती. नुकत्याच तुटलेल्या थेंबात पेशी बहुधा कडेला असते. लगेच जेल धरले तर ती तिथेच अडकते, वाढताना, विभागताना मण्याच्या पातळ कडेतून बाहेर डोकावते आणि काही दिवसांत निसटते. नेदरलँड्सच्या ट्वेन्टे विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले, की जेल धरण्यास थोडा उशीर केला तर पेशी मधोमध येते. त्यांनी थेंब सिलिकोनच्या नळीतून नेले आणि नळीच्या भिंतीतून हायड्रोजन पेरॉक्साइड झिरपू दिले, म्हणजे पॉलिमर बांधणाऱ्या विकराला त्याचा पुरवठा थेंब तयार झाल्यानंतरच झाला. मधोमध बसलेल्या पेशी मण्यात कितीतरी जास्त काळ टिकल्या.

एका थेंबात किती पेशी येतील हे नशिबावर असते, आणि त्या नशिबाचे गणित प्वासाँ वितरणाने सांगता येते. थेंबामागे सरासरी ०.१ पेशी पडेल इतके द्रावण पातळ केले, तर सुमारे ९०.५ टक्के थेंब रिकामे जातात, ९ टक्क्यांत एकच पेशी असते आणि अर्ध्या टक्क्याहून कमी थेंबांत दोन किंवा अधिक. ५० माइक्रोमीटरच्या थेंबांसाठी ही सांद्रता मिलिलिटरमागे सुमारे १५ लाख पेशींची. सरासरी एकवर नेली तरी एकच पेशी असलेले थेंब ३७ टक्क्यांवर थांबतात, आणि जोड्या-त्रिकुटे मात्र पुष्कळ वाढतात. प्रत्यक्षात हे गणितही तासभर टिकत नाही, कारण पिचकारीत पेशी हळूहळू तळाशी बसतात आणि पहिल्या आणि शेवटच्या थेंबांत फरक पडतो. द्रावणाची घनता पेशीइतकी केली किंवा पिचकारीत बारीक ढवळणी ठेवली की हे टळते. वाहिनी लांब आणि प्रवाह वेगवान ठेवला, तर जडत्वाच्या बलांनी पेशी सारख्या अंतराने रांगेत येतात. २००८ मध्ये या मार्गाने सुमारे ८० टक्के थेंबांत एकेकच पेशी बसवता आली.

हार्वर्डच्या गटाने २०१७ मध्ये या प्रश्नाला वेगळीच बगल दिली. त्यांनी कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण अल्जिनेटमध्ये न मिसळता थेट पेशींच्या पृष्ठभागावर चिकटवले. जादा कण धुऊन काढल्यावर कॅल्शियम फक्त पेशीजवळ उरले. आम्ल आत आले तेव्हा पेशी असलेल्याच थेंबात जेल धरले. रिकामे थेंब द्रवच राहिले आणि तेल काढताना वाहून गेले. पेशीभोवती जेमतेम पाच-सहा माइक्रोमीटर जाडीचे अल्जिनेटचे आवरण बसले. निवडण्याची वेगळी पायरीच उरली नाही. उंदराच्या शिरेत सोडलेल्या अशा आवरणातल्या मूळपेशी उघड्या पेशींपेक्षा शरीरात जास्त काळ राहिल्या.

मण्याखेरीज इतर आकारही घडवता येतात. टोकियो विद्यापीठात २०१३ मध्ये अल्जिनेटच्या नळीत कोलॅजन आणि पेशी भरून मीटरभर लांबीचे तंतू केले गेले. द्वीपके भरलेला असा तंतू मधुमेही उंदरांत रोपून त्यांची साखर ताब्यात आणता आली. त्याच वर्षी पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमध्ये आतून पोकळ अल्जिनेट कुप्यांत कर्करोगाच्या पेशी वाढवल्या गेल्या. गोळा वाढून भिंतीला टेकला की कुपी ताणली जाते, आणि त्या ताणावरून वाढत्या गाठीचा दाब मोजता येतो. जागा अपुरी पडल्यावर कडेच्या पेशी अधिक आक्रमक होतात, हे त्यातून दिसले.

उपयोगांचा पसारा मोठा आहे. जेलचा ताठपणा पॉलिमरच्या आणि बंधांच्या प्रमाणावर ठरत असल्याने, एकाच जातीच्या मूळपेशी मऊपासून ताठपर्यंतच्या मण्यांत ठेवून त्या कुठल्या ऊतीकडे वळतात हे पाहता येते. रुग्णाच्या गाठीतल्या पेशींचे हजारो छोटे गोळे वाढवून त्यांवर औषधे तपासता येतात. एकेका जीवाणूची वसाहत एकेका मण्यात वाढवून उपयुक्त स्राव देणारी निवडता येते.

मधुमेहाच्या उपचारात मात्र ‘जितके लहान तितके बरे’ हा समज उलटा पडला. २०१५ मध्ये एमआयटीतील ओमिद वैसेह, डॅनियल अँडरसन, रॉबर्ट लँगर आणि सहकाऱ्यांना दिसले, की दीड मिलिमीटर व्यासाच्या मण्यांभोवती शरीर फार कमी तंतुमय ऊती जमवते, तर अर्ध्या मिलिमीटरचे मणी लवकरच वेढले जातात आणि आतल्या पेशी उपाशी मरतात. उंदरांत मोठ्या मण्यांतल्या द्वीपकांनी १८० दिवसांपर्यंत साखर सांभाळली, लहान मण्यांपेक्षा पाचपटीहून अधिक काळ. विसरणाचा हिशेब लहान मणी मागतो, शरीराची प्रतिक्रिया मोठा. म्हणून योग्य माप हे कामागणिक ठरवावे लागते: शिरेतून द्यायच्या पेशीला पातळ आवरण, पोटात ठेवायच्या द्वीपकाला मोठा मणी किंवा रासायनिक बदल केलेले अल्जिनेट.

प्रयोगशाळेतून दवाखान्याकडे जाताना प्रश्न उरतात ते उत्पादनाचे. एका वाहिनीचा वेग संशोधनाला पुरतो, उपचाराला पुरत नाही. वाहिन्या शेकड्याने समांतर जोडल्या तर प्रत्येकीला सारखा प्रवाह मिळेल याची काळजी घ्यावी लागते, नाहीतर एकसारखेपणा हा मूळ गुणच जातो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ मध्ये सिलिकॉनच्या चार इंची चकतीवर १०,२६० थेंबजनक एकत्र चालवून हे शक्य असल्याचे दाखवले गेले, अर्थात पेशींविना. पेशी असताना तुंबणे, निर्जंतुकता आणि पिचकारीत थांबण्याचा वेळ हे सगळे मध्ये येते. शैवालातून काढलेल्या अल्जिनेटमध्ये जीवाणूंची विषद्रव्ये आणि प्रथिने राहू शकतात. ती काढून टाकली नाहीत तर मण्याभोवती दाह होतो. तेल आणि पृष्ठसक्रिय पदार्थ यांचे अवशेष धुऊन काढण्याचीही अशीच सक्ती असते. ही शेवटची अडचण टाळण्यासाठी डेक्स्ट्रान आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल यांसारखी, पाण्यात असूनही एकमेकांत न मिसळणारी द्रावणे वापरून तेलाशिवाय थेंब पाडण्याचे प्रयत्न सुरू आहेत. दोन्ही बाजूंना पाणीच असल्याने पृष्ठताण अत्यल्प असतो आणि धार आपणहून तुटत नाही. प्रवाहाला ठरावीक लयीत हादरे देऊन ती तोडावी लागते.